२२७, २३६ आणि पुन्हा २२७ : मुंबई महापालिकेच्या प्रभागरचनेचं प्रकरण

१० नोव्हेंबर २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची संख्या २२७ वरून २३६ करायचं ठरवलं. ३ ऑगस्ट २०२२ रोजी वेगळ्या मंत्रिमंडळाने त्या नऊ जागा काढून घेतल्या. मधल्या काळात प्रारूप नकाशे निघाले, हरकती मागवल्या गेल्या, अंतिम रचना जाहीर झाली, आरक्षणाची सोडत एकदा नव्हे दोनदा निघाली. निवडणूक तेवढी झाली नाही. ती झाली १५ जानेवारी २०२६ रोजी, आणि तीही २२७ प्रभागांत.

या सगळ्याची चर्चा झाली ती सेना-भाजपच्या भांडणाच्या अंगाने, आणि ते साहजिकच होतं. मला मात्र त्यातला एक साधा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. प्रभागांच्या सीमा बदलल्या जात असताना खुद्द पालिका काय म्हणाली? पालिका म्हणजे इथे मुंबईकरांनी निवडून दिलेलं सभागृह. कागदपत्रांचा क्रम लावत गेलं की उत्तर मिळतं आणि ते अडचणीचं आहे: सभागृहाने बोलावं अशी पायरीच या जिन्यात नाही. नगरसेवक बोलले, पक्ष बोलले, रहिवासी संघ बोलले, प्रशासन तर सतत बोलत होतं. सभागृह म्हणून मत विचारलं जाईल असा टप्पा कायद्याने ठेवलेलाच नाही.

आकडा एकाचा, रेषा दुसऱ्याची

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्याच्या कलम ५ मध्ये नगरसेवकांची संख्या लिहिलेली आहे, अक्षरशः आकडा. म्हणजे तो बदलायचा तर कायदाच बदलावा लागतो, आणि ते काम विधिमंडळाचं. सीमा आखायचा अधिकार कलम १९ प्रमाणे राज्य निवडणूक आयोगाकडे होता. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये हा आयोग स्थापन झाला तो यासाठीच, की स्थानिक निवडणुका सरकारच्या लहरीवर राहू नयेत. प्रत्यक्ष नकाशा काढणारे हात पालिकेच्याच निवडणूक विभागाचे असतात. आयुक्त प्रारूप तयार करतात, आयोग ते तपासतो, मग ते लोकांसमोर येतं.

हरकत घ्यायची संधी मिळते ती या शेवटच्या टप्प्यावर, आणि तीही फक्त रेषेवर. 'नऊ जागा का वाढवल्या?' ही हरकत तिथे चालत नाही, कारण तो आकडा हरकती ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातातच नसतो. 'आमची चाळ पलीकडच्या प्रभागात का टाकली?' ही चालते. सामान्य माणसाला हा फरक बहुधा सुनावणीच्या दालनात गेल्यावरच कळतो. पक्षांना तो पहिल्यापासून ठाऊक होता, म्हणून आकड्याची लढाई त्यांनी विधान भवनात आणि न्यायालयात लढली आणि नकाशाची लढाई कार्यकर्त्यांवर सोडली.

मुंबईत 'वॉर्ड' म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात, म्हणून एवढं आधीच सांगून ठेवतो: ए, बी, सी पासून टी पर्यंतचे वॉर्ड म्हणजे प्रशासकीय विभाग, त्यांची कार्यालयं, जिथे आपण पाण्याची तक्रार घेऊन जातो. इथे बोलणं चाललंय ते निवडणुकीच्या प्रभागांबद्दल. एका प्रशासकीय वॉर्डात असे बरेच प्रभाग असतात.

नऊ हा आकडा

नऊच का? दहा का नाही, पंचवीस का नाही? त्याचं उत्तर जनगणनेत आहे. २००१ साली मुंबईची लोकसंख्या १,१९,७८,४५० होती, २०११ साली १,२४,४२,३७३. वाढ ३.८७ टक्के. २२७ चे ३.८७ टक्के काढले तर ८.७८ येतात, म्हणजे गोळाबेरीज नऊ. महाविकास आघाडी सरकारने हेच गणित मांडलं होतं, आणि वरवर पाहता त्यात चूक नाही.

खोच आहे ती तारखेत. २०११ ची जनगणना २०२१ मध्ये पहिल्यांदा हाती आली नव्हती. २०१७ च्या निवडणुकीसाठी सीमा नव्याने आखल्या गेल्या त्या याच आकडेवारीवर, आणि त्या वेळी एकूण संख्या २२७ च ठेवली होती. त्या फेररचनेत शहर भागाचे प्रभाग ६३ वरून ५६ वर आले आणि ते उपनगरांकडे गेले. गिरणगावातल्या आणि दक्षिण मुंबईतल्या अनेक जुन्या नगरसेवकांना तेव्हाच आपला मतदारसंघ शोधत फिरावं लागलं होतं. म्हणजे २०११ ची वाढ २०१७ मध्ये एकदा हिशेबात धरून झाली होती. त्याच वाढीचा दाखला देऊन आता आणखी नऊ जागा मागितल्या जात होत्या. विरोधकांचा मुख्य मुद्दा हा होता आणि माझ्या मते तो वजनदार होता. सरकारच्या बाजूने म्हणण्यासारखंही काही आहे: २०२१ ची जनगणना करोनामुळे झालीच नाही, शहर वाढलंय हे कुणीही सांगेल, आणि संख्या २००२ पासून हललेली नाही. पण मग 'शहर वाढलंय' असं म्हणा. २०११ च्या टक्केवारीला कशाला साक्षीला बोलवायचं?

दुसरा आरोप वाटणीवर होता. नऊ जागांपैकी तीन शहराला, तीन पूर्व उपनगरांना, तीन पश्चिम उपनगरांना. शहरात वरळी, परळ, भायखळा. पश्चिमेला वांद्रे, अंधेरी, दहिसर. पूर्वेला कुर्ला, चेंबूर, गोवंडी. समसमान तीन-तीन पाहिल्यावर कुणालाही वाटेल की टेबलावर बसून वाटून घेतलंय. त्यातून वरळी आणि परळ या शिवसेनेच्या बालेकिल्ल्यांची नावं आली की भुवया आणखी वर जातात. २००१ ते २०११ मध्ये शहर भागाची लोकसंख्या तर ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर घसरली होती, अडीच लाखांनी कमी. वाढ सगळी उपनगरांची, मग शहराला तीन जागा कशाच्या?

इथे मात्र आरोप करणाऱ्यांनी गणित अर्ध्यावर सोडलं. २३६ प्रभाग करायचे तर एका प्रभागाची सरासरी लोकसंख्या ५२,७२२ येते. शहराच्या ३०,८५,४११ ला तिने भागलं तर ५८.५. म्हणजे शहराला ५८ किंवा ५९ प्रभाग मिळणार, आणि आधीच्या ५६ मध्ये तीन मिळवले की ५९ च होतात. एकदा २३६ मान्य केले की शहराला तीन देणं हिशेबाला धरूनच होतं. वाद घालायला जागा होती ती २३६ वर, आणि तो आकडा हरकतींच्या कक्षेबाहेर. या प्रकरणाची सगळी गाठ इथे आहे.

रेषा आखताना

१ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रारूप जाहीर झालं आणि १४ फेब्रुवारीपर्यंत हरकती-सूचना मागवल्या गेल्या. दोन आठवडे. मुंबईसारख्या शहराचे २३६ नकाशे, प्रत्येकाच्या चतुःसीमांचं वर्णन, आणि त्यावर विचार करायला चौदा दिवस.

प्रभाग आखण्याची रीत ठरलेली आहे. सुरुवात उत्तरेकडून करायची, वळणं घेत घेत दक्षिणेला संपवायचं. म्हणून पहिला प्रभाग दहिसरला आणि शेवटचा कुलाब्याला. जनगणनेतला प्रगणक गट, म्हणजे साधारण सहाशे-सातशे वस्तीचा सगळ्यात लहान तुकडा, शक्यतो फोडायचा नाही. सरासरीच्या दहा टक्के खाली किंवा वर चालतं: २२७ प्रभाग असतील तर ४९,३३१ ते ६०,२९३ पर्यंत, २३६ असतील तर ४७,४५० ते ५७,९९४ पर्यंत. सीमा रेल्वे मार्ग, मोठा रस्ता, नाला, खाडी यांच्या कडेने न्यायची. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या तोडायच्या नाहीत.

नियम वाचायला नीटनेटके आहेत. नकाशावर बसवताना ते एकमेकांच्या पायात येतात. समजा एका बाजूला पश्चिम रेल्वे आहे, दुसऱ्या बाजूला नाला, आणि मधल्या वस्तीची लोकसंख्या ६३ हजार. वरची मर्यादा ५८ हजार. पाच हजार माणसं कुठेतरी ढकलायलाच हवीत, म्हणजे सात-आठ प्रगणक गट. कुठले? रेल्वेपलीकडचे जोडले तर हद्द रुळांवरून उडी मारते. नाल्यालगतचे काढले तर एक झोपडपट्टी दोन प्रभागांत चिरली जाते. मधली सोसायट्यांची ओळ काढली तर नियम सगळे पाळले जातात, पण तिथले मतदार नेमके कुणाचे, हे त्या नकाशाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. लबाडी करायची असेल तर ती इथे करता येते, आणि प्रामाणिक अधिकाऱ्यालाही इथे कुणाला तरी दुखवावंच लागतं. कागद पाहून या दोन्हींत फरक करता येत नाही.

अधिसूचनेतलं वर्णनही पाहण्यासारखं असतं. अमुक रस्ता आणि तमुक गल्लीच्या नाक्यापासून रस्त्याच्या दक्षिण बाजूने पूर्वेकडे नाल्यापर्यंत, तेथून नाल्याच्या पश्चिम बाजूने दक्षिणेकडे कुंपणभिंतीपर्यंत, तेथून भिंतीच्या कडेने... असं एकेक पान चालतं. रस्त्याच्या कुठल्या बाजूने, याला फार किंमत. दक्षिण बाजू लिहिलं तर समोरच्या ओळीतल्या इमारती बाहेर, उत्तर बाजू लिहिलं तर आत. एका शब्दावर दोन हजार मतं इकडची तिकडे होतात. पालिका विभाग कार्यालयात भिंतीला लावलेल्या नकाशासमोर मोबाइलवर फोटो काढणारी, बोटाने गल्ली शोधणारी माणसं दिसतात ती बहुतेक शाखेतली नाहीतर पक्ष कार्यालयातली. आपला प्रभाग बदलला का, हे पाहायला सहज म्हणून येणारा रहिवासी विरळा.

आणखी एक फारसं न बोललं जाणारं दुखणं म्हणजे क्रमांक. क्रमांक उत्तरेकडून लागतात. दहिसरला एक प्रभाग वाढला की त्याच्या खालच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात. वर्षानुवर्षं एका क्रमांकावर काम केलेल्या नगरसेवकाचा फलक, पत्रकं, कार्यालयाची पाटी, सगळं चुकीचं ठरतं. मतदार तर आधीच गोंधळलेला. २३६ चे पुन्हा २२७ झाले तेव्हा हाच खेळ उलटा झाला.

हरकती आल्या, पण कुणाच्या?

२०२२ च्या प्रारूपावर ८१२ हरकती-सूचना आल्या. सव्वा कोटींच्या शहरात ८१२. त्यातही बऱ्याच एकाच मजकुराच्या, वेगवेगळ्या सह्यांच्या असणार, हे अशा प्रक्रियेत नेहमीचंच. भाजपचा आरोप होता की नकाशे शिवसेनेच्या सोयीने आखलेत. काँग्रेस तेव्हा राज्यात शिवसेनेबरोबर सत्तेत होती, पण पालिकेत विरोधी बाकांवर, आणि तिच्याही नगरसेवकांनी आपले प्रभाग मोडल्याची तक्रार केली. सत्तेतला भागीदार पक्षही जेव्हा हरकत घेतो, तेव्हा नकाशात काहीतरी असू शकतं. किंवा तो पक्ष आपल्या बालेकिल्ल्याची काळजी करत असू शकतो. बहुतेक वेळा दोन्ही खरं असतं.

आता सभागृहाकडे येऊ. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते अस्तित्वात होतं. २०१७ मध्ये निवडून आलेलं तेच. त्या निकालात शिवसेना ८४, भाजप ८२, काँग्रेस ३१, राष्ट्रवादी ९, मनसे ७, समाजवादी ६ वगैरे. फेब्रुवारीच्या ३ तारखेला, म्हणजे प्रारूप निघाल्यावर दोनच दिवसांनी, ४५,९४९ कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला. एवढ्या पैशावर ज्यांचं मत कायद्याने घ्यावं लागतं, त्यांचं स्वतःच्या मतदारसंघांच्या सीमांवर एकत्रित मत कायदा विचारत नाही. नगरसेवकाला हरकत घ्यायची तर तो रांगेतल्या कुठल्याही नागरिकासारखा अर्ज देणार. त्याच्या अर्जाला कायद्याने वेगळं वजन नाही.

यात शहाणपणही आहे, ते नाकारू नये. ज्यांना उद्या या प्रभागांतून निवडून यायचंय त्यांच्याच हातात सीमा दिल्या तर काय होईल हे सांगायला नको. सीमा आयोगाकडे, सभागृहाला लांब ठेवा, हा विचार बरोबरच होता. पण त्याची दुसरी बाजू ही, की स्वार्थ असलेल्यांना लांब ठेवायचं म्हणून सभागृह लांब ठेवलं आणि तेच स्वार्थ असलेलं राज्य सरकार मात्र आकड्याच्या दाराने आत आलं. नगरसेवकाला आपल्या गल्लीबद्दल हरकत घेता येते, मंत्रिमंडळाला एका बैठकीत सगळा नकाशाच बदलता येतो.

७ मार्च २०२२

या तारखेला दोन गोष्टी घडल्या. पालिकेची मुदत संपली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्त इक्बालसिंह चहल प्रशासक झाले. मुंबई पालिकेवर याआधी प्रशासक आला होता तो १९८४-८५ मध्ये. आणि त्याच ७ मार्चला विधिमंडळाने एकमताने कायदा केला की प्रभागरचनेचं काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घ्यायचं. ११ मार्चपासून तो लागू झाला.

एकमताने, हे लक्षात घ्यायला हवं. कारण होतं ओबीसी आरक्षण. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्थानिक संस्थांतल्या २७ टक्के ओबीसी आरक्षणाला स्थगिती दिली होती, आणि आरक्षणाशिवाय निवडणुका घ्यायची जबाबदारी कुठल्याच पक्षाला अंगावर घ्यायची नव्हती. प्रभागरचना सरकारकडे आली की वेळ मिळतो, एवढा सरळ हिशेब. आयोगाची स्वायत्तता वगैरे विषय त्या दिवशी कुणाच्या तोंडी नव्हता. सत्ताधाऱ्यांनी जो अधिकार स्वतःसाठी घेतला तो चार महिन्यांत सत्ताबदल होऊन प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेला.

दरम्यान ४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ११ मार्चच्या आधी जी रचना होती ती धरून निवडणुकांची तयारी करा. त्यामुळे मे महिन्यात आयोगाने २३६ प्रभागांची अंतिम रचना जाहीर केली. ३१ मे रोजी आरक्षणाची सोडत निघाली: अनुसूचित जाती १५, जमाती २, बाकी २१९ सर्वसाधारण, आणि एकूण निम्म्या म्हणजे ११८ जागा महिलांना. मग २० जुलैला ओबीसी आरक्षणाचा अभ्यास करणाऱ्या बांठिया आयोगाचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, ओबीसी आरक्षण परत आलं आणि २९ जुलैला पुन्हा सोडत. या वेळी ओबीसींना ६३. ज्यांच्या प्रभागावर पहिल्या सोडतीत महिला आरक्षण पडलं नव्हतं त्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता, त्यांचं भवितव्य पुन्हा चिठ्ठीत गेलं. पाचच दिवसांनी नव्या सरकारने सगळंच रद्द ठरवलं.

३ ऑगस्टचा निर्णय, लगोलग अध्यादेश, आणि संख्या पुन्हा २२७. एकनाथ शिंदे सरकारचं म्हणणं तेच, जे आधी विरोधक म्हणत होते: नवी जनगणना नाही, जुनी आधीच वापरून झालीय, वाढीला आधार नाही. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला आणि गाडं रुतलं ते रुतलंच.

न्यायालयाने दोन्ही वेळा नाही म्हटलं

संख्या वाढली तेव्हा भाजपच्या नगरसेवकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली होती. याचिका टिकली नाही. संख्या घटली तेव्हा ठाकरे गटाच्या माजी नगरसेवकाने याचिका केली. एप्रिल २०२३ मध्ये तीही फेटाळली गेली. वाढवणंही वैध, कमी करणंही वैध.

अनेकांना ही विसंगती वाटली. मला वाटत नाही. आकडा ठरवणं हे विधिमंडळाचं काम, तो आकडा शहाणपणाचा आहे का हे तपासणं न्यायालयाचं नाही, अशी एकदा भूमिका घेतली की दोन्ही निकाल एकाच तत्त्वाने लागतात. अडचण निकालात नसून व्यवस्थेत आहे. विधिमंडळाला अधिकार दिला, पण तो कधी वापरायचा यावर बंधन घातलं नाही. निवडणुकीला तीन महिने उरलेले असताना संख्या बदलता येते. नकाशे तयार झाल्यावर बदलता येते. सोडती झाल्यावर बदलता येते. आणि दर बदलाबरोबर प्रभागरचना पहिल्यापासून, म्हणजे निवडणूक पुढे. घटनेच्या कलम २४३-यू मध्ये पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करा असं स्पष्ट लिहिलंय. ते कलम मोडायला कुणाला उघडपणे 'निवडणूक नको' म्हणावं लागत नाही, नकाशा पुन्हा काढायला सांगितलं की पुरे.

प्रशासकच सभागृह

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावल्यावर चक्रं फिरली. ओबीसी आरक्षण बांठिया अहवालाच्या आधी होतं तसं ठेवायचं, म्हणजे तो घोळ तात्पुरता मिटला. जूनमध्ये नगरविकास खात्याने प्रभागरचनेचे आदेश काढले. ४ ऑगस्टला नव्या रचनेविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. २२ ऑगस्टला मुंबईचं प्रारूप आलं, २२७ प्रभागांचं, बहुतांश २०१७ च्याच रेषांवर. ४ सप्टेंबरपर्यंत ४९४ हरकती. सप्टेंबरमध्ये न्यायालयाकडून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ, ऑक्टोबरमध्ये अंतिम रचना, ११ नोव्हेंबरला सोडत: अनुसूचित जाती १५, जमाती २, ओबीसी ६१, सर्वसाधारण १४९.

हा दुसरा फेरा पहिल्यापेक्षा शांतपणे पार पडला, आणि त्याचं कौतुकही झालं. त्या शांततेचं एक कारण असं की बोलायला कुणी उरलंच नव्हतं. प्रारूप करणारे आयुक्त. सभागृहाचे अधिकार वापरणारे प्रशासकही तेच. मार्च २०२४ पासून भूषण गगराणी. स्थायी समिती तेच, सर्वसाधारण सभा तेच. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प त्यांनीच मांडला आणि त्यांनीच मंजूर केला. यात व्यक्तीचा दोष नाही. पण प्रस्ताव देणारा आणि प्रस्तावावर मत देणारा एकच माणूस असेल तर 'पालिकेची प्रतिक्रिया' या गोष्टीला अर्थ राहत नाही. २०२२ मध्ये सभागृह होतं पण त्याला विचारलं गेलं नाही, २०२५ मध्ये विचारायचं म्हटलं असतं तरी सभागृह नव्हतं.

८१२ वरून ४९४, हरकतींची घटही मी यातूनच वाचतो. माजी नगरसेवकांची निवडून आलेली म्हणून असलेली पत गेली होती, शिवसेना आणि राष्ट्रवादी दुभंगल्या होत्या, कुणाची शाखा कुणाकडे हेच ठरत नव्हतं. सीमेबद्दल भांडायला आधी आपण कुठल्या पक्षात आहोत हे माहीत असावं लागतं. शिवाय रेषा बऱ्याचशा जुन्याच होत्या, हेही खरं.

आणि ज्या लोकसंख्येवर हे सगळं बेतलं ती २०११ ची, चौदा वर्षांपूर्वीची. प्रारूप येण्याच्या आठवडाभर आधी, १४ ऑगस्ट २०२५ रोजी, वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना दिल्या गेल्या. त्या प्रगणक गटांत २०११ ला मोजलेली कुटुंबं मधल्या काळात संक्रमण शिबिरांत, भाड्याच्या घरांत, कुठे कुठे पांगली होती. मुंबईत अशा शेकडो जागा आहेत: चाळ पाडून टॉवर झालेला, झोपडपट्टी हटवून रस्ता झालेला, मेट्रोसाठी घरं गेलेली. नकाशावर तिथे २०११ ची माणसं अजून राहतात. ४९,३३१ आणि ६०,२९३ च्या मर्यादा कितीही काटेकोर पाळल्या तरी खऱ्या प्रभागांत आज चाळीस हजारही असतील नि ऐंशी हजारही.

पुढची वेळ

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की संख्या २२७ का, हा प्रश्न पुन्हा निघणार, आणि या वेळी तो खरोखर निघायला हवा. २०३१ च्या सुरुवातीला पुढची पालिका निवडणूक. मधली तीन-साडेतीन वर्षं हातात आहेत, आणि सभागृह बसलेलं आहे.

मला विचाराल तर दोनच दुरुस्त्या पुरेत. एक, मुदत संपण्याआधीच्या अठरा महिन्यांत नगरसेवकांची संख्या बदलायची नाही. बदल केला तर तो त्यापुढच्या निवडणुकीपासून लागू. दोन, संख्येचा प्रस्ताव विधिमंडळात जाण्याआधी पालिका सभागृहाच्या विशेष सभेपुढे ठेवायचा, आकडेमोडीसकट. सभागृहाला नकाराचा अधिकार नको. पण ८.७८ चे नऊ कसे झाले आणि २०१७ मध्ये हीच लोकसंख्या वापरली होती की नव्हती, हे तिथे उघड्या चर्चेत विचारलं जाईल, इतिवृत्तात लिहिलं जाईल, आणि हो म्हणणाऱ्यांची व नाही म्हणणाऱ्यांची नावंही त्यात राहतील. सीमा पूर्वीसारख्या आयोगाकडे परत द्याव्यात ही तिसरी दुरुस्ती मी मुद्दामच मोजली नाही. मार्च २०२२ चा कायदा एकमताने झालाय, आणि तो मागे घ्यायला उठून उभा राहील असा पक्ष सध्या तरी दिसत नाही.